कुंद्याचा डबा

खानापुरात, स्टेशन रोडला, वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ.
पाटी दोन लिप्यांत,
दोन्हींतलं एकेक अक्षर उडालेलं.

दस्तगीर मास्तरांनी मिरजेहून जुनं भिंग आणलं,
अठरा मिलिमीटर,
पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी.
टोपी नव्हती.
हरवली म्हणे.
"याला टोपी पायजे," मी म्हटलं.
"घाल की. पण लांब भिंगाचं बरं असतं,
नळकांडं लावलं की झालं.
हे रुंद. हे सगळंच मागतंय.
याला किती आडोसा देशील?"

मी कुंद्याचा रिकामा डबा घेतला, बूड उडवलं,
आतून फळ्याचा काळा रंग दिला.
दोन दिवस स्टुडिओत
खव्याचा आणि रंगाचा वास भांडत होता.

नंदगडला एका आवारात दोन शाळा.
दोन्हींचा मिळून एकच फोटो, म्हणून हे भिंग.
पायऱ्यांचं तोंड पूर्वेला,
दुपारचं ऊन कौलांवरून थेट माझ्या काचेत.
"मुंद बर्री, थोडं पुढं या, स्वल्प हिंद..."
शेवटी "नग्री" म्हटलं,
तर मराठी बाकावरचं एक पोरगं: "कुठली नगरी, बाई?"
आणि सत्याण्णव पोरं एकदम फुटली.
तोच क्षण मी घेतला.

रात्री पडद्यावर बघितलं.
चारी कोपरे काळे.
कॅमेऱ्याच्या झरोक्यातून तर काही दिसलं नव्हतं;
झरोका कडा दाखवत नाही,
आणि छिद्र बारीक केलं
की टोपीची सावली धारदार होते,
हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.
वरच्या कोपऱ्यांत आभाळच होतं, गेलं तर गेलं.
खालच्या डाव्यात भात शिजवणारी कल्लव्वा,
उजव्यात घंटेचा इनास.
सगळे उभे राहिल्यावर
"तुम्हीपण या" म्हणून बोलावलेले दोघे.
तिचा अर्धा पदर उरला होता.
त्याची नुसती चप्पल.

मास्तर बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "तुझी भुवई तुला दिसते काय?"
"नाही."
"घामाला अडवते की नाही?
मग तशी कर."

कानस घेऊन बसले.
कोपऱ्यांपुढचा पत्रा खाली, आणखी खाली,
मधला तसाच.
डब्याला चार पाकळ्या आल्या,
दोन रुंद, दोन बुटक्या, एक जरा वाकडी.
भिंतीवर चुन्याचा चौकोन आखून, छिद्र बारीक करून
प्रत्येक खेपेला तपासलं.
बोटभर फिरली तरी काळं तिरकं होऊन परत येत होतं,
म्हणून शेवटी नेलपॉलिशचा ठिपका:
इथं आणि इथंच.

पुन्हा नंदगड. या वेळी मास्तर बरोबर.
कोपरे स्वच्छ.
पण इतकी कापल्यावर टोपीत टोपी किती राहिली?
ऊन आत येऊन मधल्या रांगेवर
फिकट गोल नाणी टाकत होतं.
इनास म्हणाला, "मी छत्री धरतो, बाई."
"तू आत उभा राहा," मी जरा जोरातच म्हटलं.
कल्लव्वाही त्याच्याकडे बघून हसली.
कडेची माणसं या भिंगात लांबट होतात, ताणली जातात;
तेही मी दोघांना सांगितलं.
कल्लव्वा म्हणाली, "आग्ली. उंच दिसतो की मग."

तेव्हा मास्तर बाकावर चढले.
गुडघे धरत.
हातात कल्लव्वाच्या भाताच्या पातेल्याचं झाकण.
"वर, मास्तर. डावीकडं. अजून.
अजून नको!"
काचेवर सावली पडली
आणि पोरांचे चेहरे
धुतल्यासारखे जागेवर आले.
"नग्री!"
या वेळी कुणी विचारलं नाही, तरी हसले.

फोटो दोन्ही ऑफिसांत लागला.
माणसं एकशे सात.
मास्तर मोजायचे तर बाहेर.
वरच्या कडेला, डावीकडं,
झाकणाची नखाएवढी काळी कोर आलीय.
पोरं विचारतात, हे काय?
मला ती सहज कापता आली असती.